किटवर एकच रेघ

ताराबाईचं नाव सगळ्यांत आधी लिहितो. ताराबाई माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. आई गेली तेव्हा ती नुकती आठवी पास झाली होती आणि मी पहिलीत होतो. आमचं गाव एटापल्ली तालुक्यात, जंगलात. तिनं स्वतःची शाळा तिथंच थांबवली आणि मला आश्रमशाळेत घातलं. मी पळून घरी आलो की ती मला पोटभर जेवू घालायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा नेऊन सोडायची. तेंदूपत्ता तिनं तोडला, मोहफुलं तिनं वेचली आणि बी.ए. मी झालो. आमच्या घरातला पहिला. आज मी चामोर्शीला पंचायत समितीत लिपिक आहे. म्हणजे कागदावर अजून आहे.

माझ्यासारखं वजन, माझ्यासारखी साखर आणि मोबाईलवरून मिळालेलं माझ्यासारखंच ज्ञान असलेली माणसं आता आमच्या भागातही पुष्कळ झाली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्यानं हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

माझ्या आजाराचं नाव मला गडचिरोलीच्या एका दवाखान्यात कळलं. पावसाळा संपत आला होता. मी स्ट्रेचरवर बसून होतो, कारण आडवं होताच येत नव्हतं. तरुण डॉक्टरांनी एक्सरे उजेडाकडे धरला. फुप्फुसं काळी दिसायला हवीत, ती दोन्ही पांढरी होती.

"हा बहुतेक इन्फ्लुएंझा आहे, एच वन एन वन," ते म्हणाले. "लोक स्वाईन फ्लू म्हणतात. नमुना पाठवतो, पण रिपोर्टची वाट बघत बसणार नाही. औषध आत्ताच सुरू करतो. ताप कधीपासून आहे?"

माझ्या बायकोनं, वैशालीनं, सांगितलं.

"मग इतके दिवस घरी काय करत होते?"

"मलेरियाची टेस्ट केली होती जी," वैशाली म्हणाली. "निगेटिव्ह आली."

डॉक्टरांनी एक्सरे खाली ठेवला. मग म्हणाले, "इथं बदलून आलो तेव्हापासून हेच ऐकतोय. मलेरिया नाही, म्हणजे काही नाही."

बाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही. आमच्याकडे ताप म्हणजे हिवताप. लहानपणापासून आम्ही तापानं माणसं मरताना पाहिली ती मलेरियानंच. अंगात थंडी भरली की पहिला प्रश्न, रक्त तपासलं काय? गावातली आशा वर्कर बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब किटच्या पट्टीवर टाकते, आणि सगळं घर त्या पट्टीकडे बघत बसतं. दोन रेघा उमटल्या तर मलेरिया. एकच उमटली तर सुटलो. त्या एका रेघेनंतर कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मी शिकलेला होतो, मीही विचारला नाही.

आणि माझं रक्त ज्या आशा वर्करनं तपासलं ती ताराबाई होती.

आता वजनाचं सांगतो.

नोकरी लागली तेव्हा मी काडीसारखा होतो. चामोर्शीत खोली घेतली, खुर्ची मिळाली, पुढं लग्न झालं, मुलगी झाली. भात आमच्याकडे दोन्ही वेळा असतोच. त्यात ऑफिसमधली भजी, बाजाराच्या दिवशीचा चिवडा, गोड चहा. दहा-बारा वर्षांत मी एकशे सोळा किलोंचा झालो. गुडघे दुखायचे, जिना चढताना धाप लागायची, झोपेत घोरायचो. तपासणीत साखर निघाली. रोज एक गोळी सुरू झाली.

पण गावात माझ्या पोटाचं कौतुक होतं. आमच्या घरात कोणाचं पोट कधी पुढं आलंच नव्हतं. मी गेलो की ताराबाई मला अंगणात बसवायची आणि बायांना बोलावून दाखवायची. "पाहा, माह्या भाऊ कसा भरला आहे! सायेब दिसते का नाई?" ती माझ्या पोटावर थाप मारायची. हे पोट तिनं कमावलेलं होतं, असं मला वाटायचं, आणि तिलाही तसंच वाटत असणार. लठ्ठपणा हा आजार आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या प्रशिक्षणात कुपोषण होतं. लठ्ठपणा आमच्या गावाचा विषय नव्हता.

ऑफिसमध्ये मात्र थट्टा चालायची. शिपाई नामदेवभाऊ म्हणायचे, "सायेब, तुमी उठले का खुर्ची बी तुमच्यासंगं उठून राह्यली. एखांद्या दिवशी घरी घेऊन जासान." मीही हसायचो. पण मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय माझ्याखाली मोडला आणि मी सगळ्या पालकांसमोर जमिनीवर आलो, त्या दिवशी ठरवलं.

शेजारच्या भोयर सरांनी इंटरमिटंट फास्टिंगबद्दल सांगितलं. म्हणजे दिवसातले ठरलेले काही तासच खायचं आणि उरलेला सगळा वेळ पोट रिकामं ठेवायचं. त्यांनी स्वतः त्यानं वजन उतरवलं होतं. त्यांचा मोबाईलवर ग्रुप होता. खाण्याच्या तासांना तिथं विंडो म्हणायचे. दुपारी सगळे आपापल्या ताटाचे फोटो टाकायचे, "विंडो उघडली." संध्याकाळी "विंडो बंद." भोयर सर मनानं चांगला माणूस. त्यांनी कोणाचं वाईट चिंतलं नाही, आणि मला एकदा बजावलंही होतं, साखर आहे तर डॉक्टरांना विचारून करा. मी विचारलं नाही. उलट ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की उपासानं साखर आपोआप जाते, तेवढं मला पटलं. मी गोळी बंद केली.

वजन उतरायला लागलं. पॅन्ट सैल झाली. लोक विचारायला लागले. मी भात सोडला, डाळही नावाला घ्यायचो. जितकं कमी तितकं चांगलं, असा माझा हिशेब होता. अंगात थकवा होता, पण ग्रुपवर त्यालाही उत्तर होतं: शरीर चरबी जाळतंय.

अशात गावी नव्याचा सण आला. शेतातलं नवीन पीक आमच्याकडे आधी पेनाला, म्हणजे देवाला, दाखवतात. तोवर घरातलं कोणी ते तोंडात घालत नाही. पूजा झाली की सगळे एकत्र बसून पानावर खातात. त्या दिवशी पूजा लांबली. पान माझ्यासमोर आलं तेव्हा माझी विंडो बंद झाली होती. मी हात जोडून म्हटलं, "माहा उपास आहे."

ताराबाई बघतच राहिली. "देवानं खाल्लं, अन् तू नाई खात? देवापेक्षा मोठा सायेब झाला काय?"

बाया हसल्या. मी एक घास घेतला आणि पान बाजूला सरकवलं. ती पुढच्या पानांवर वाढायला गेली. पण जेवताना तिचं लक्ष माझ्या गळ्याकडे, सैल झालेल्या शर्टकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला थंडी वाजून आली. अंग दुखत होतं, कोरडा खोकला होता. ताराबाईनं बॅग काढली. माझं बोट धरून सुई टोचताना ती नेहमीसारखी बडबडत होती. "एवढा मोठा झाला, अजून सुईले भेते." थोडा वेळ थांबून आम्ही दोघं पट्टीवर वाकलो. एकच रेघ.

तिनं मोठा श्वास सोडला. "मलेरिया नाई रे बाबू. काही नाई." मग तापाची गोळी काढता काढता तिनं विचारलं, "दम तं नाई लागून राह्यला ना?"

लागत होता. विहिरीपर्यंत जाऊन आलो तेव्हा मला जाणवलं होतं. पण मी म्हटलं, "तो उपासाचा आहे. चालते." मला खरंच तसंच वाटत होतं.

"एक दिवस थांब, उद्या पुन्हा पाहू," ती म्हणाली. ऑफिसचं काम होतं. गोळी घेतली, ताप उतरला, तसा चालत नाल्यापलीकडे गेलो आणि तिथं ठेवलेली मोटरसायकल काढून निघालो. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांच्या मागं धूळ खात चामोर्शीला आलो. घरी पोचलो तेव्हा गाडीवरून उतरता येईना. वैशालीनं आणि शेजाऱ्यांनी उतरवलं.

पुढचे दिवस मी घरी पडून होतो. भूक मेली होती, तोंडाला चव नव्हती. आमच्याकडे तापात पोट रिकामं ठेवावं असं म्हातारी माणसं सांगतात. सासूबाईंनीही तेच सांगितलं. इकडे ग्रुपचंही तेच. दोन्हीकडून एकच सल्ला मिळाला, आणि मला बरंच वाटलं: भूकच नव्हती, उपास सोपा झाला. पाणी आणि काळा चहा, बस. वजनकाट्यावर उभा राहिलो तर काटा आणखी खाली गेला होता. मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. लोकांनी शाबासकीचे अंगठे टाकले.

हे वाचणाऱ्याला मी हात जोडून सांगतो. तापात वजन उतरलं तर ते यश नाही.

मग एका दुपारी मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचे ओठ जांभळे दिसून राह्यले." वैशालीनं शेजारून ऑक्सिमीटर आणला. बोटाला लावायचं ते चिमट्यासारखं यंत्र. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते दाखवतं. धडधाकट माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या वर असतो. माझा एक्क्याऐंशी. वैशालीला वाटलं यंत्र बिघडलं. तिनं स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं. अठ्ठ्याण्णव.

गडचिरोलीहून मला चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. दवाखान्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. दोन्हीकडे लोकांनी त्यांच्या परीनं सगळं केलं.

चंद्रपूरला आयसीयूत डॉक्टर मॅडम होत्या. त्या माझ्याशी सरळ बोलायच्या, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "तुम्हाला एआरडीएस झालंय. फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात ना, त्यांत सुजेमुळं पाणी भरलंय. हवा जायला जागा नाही." साखर चारशेच्या जवळ होती.

आधी बायपॅप लावलं. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क, जो जोरानं हवा आत ढकलतो. वादळात तोंड उघडं धरून बसल्यासारखं वाटतं. मास्कचा पट्टा माझ्या गालांवर बसत नव्हता. शीर सापडत नव्हती. सिस्टर दोन्ही हात चाचपून थकल्या. फुप्फुसाला आराम मिळावा म्हणून रुग्णाला पालथं झोपवतात, त्याला प्रोनिंग म्हणतात. मला पालथं करायला सहा माणसं लागायची. एक वॉर्डबॉय म्हणायचा, "भाऊ, तुमच्यानं आमची जिम होऊन राह्यली." मला त्याचा राग नाही आला. तेवढंच कोणीतरी माझ्याशी माणसासारखं बोलत होतं.

पालथं झालो की पोट छातीत यायचं. तेव्हा मॅडमनी समजावलं. "पोटातली चरबी खालून फुप्फुसाला दाबते. त्यामुळे लठ्ठ माणसाच्या फुप्फुसाचा खालचा भाग आधीच नीट फुगत नाही. शिवाय चरबी नुसती साठून राहत नाही. ती अंगात कायमची बारीक सूज ठेवते. विषाणू आला की शरीराची लढाई उशिरा सुरू होते, आणि सुरू झाली की आवरत नाही. म्हणून हाच फ्लू तुमच्या मिसेसला झाला तर चार दिवस खोकतील, तुम्हाला इथं आणतो."

मी मास्कमधून विचारलं, उपासामुळं झालं का.

त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "उपासानं फ्लू होत नाही. वजन कमी करायलाच हवं होतं, आणि नीट देखरेखीत तो उपासही काही जणांना चालतो. पण तुम्ही साखरेची गोळी सोडलीत, डाळ सोडलीत. उतरलं त्यात चरबी थोडी होती आणि मांस जास्त. श्वास ओढायलाही स्नायू लागतात, ते तुम्ही खर्च करून बसलात. आणि तापात उपाशी राहिलात. सगळ्यांत वाईट म्हणजे दमाला उपासाचं नाव दिलंत."

मग व्हेंटिलेटर लागला. त्या दिवसांचं मला काही आठवत नाही. जे सांगतो ते वैशालीनं सांगितलेलं आहे.

ताराबाई आली होती. गावाहून पायी, मग मिळेल त्या गाडीनं, मग बसनं. आयसीयूच्या काचेतून तिनं मला पाहिलं. नंतर ती आणि वैशाली बाकावर बसल्या होत्या. मॅडम नातेवाइकांना माहिती द्यायला बाहेर आल्या. फ्लूच्या औषधाचा खरा उपयोग पहिल्या दोन दिवसांत असतो, असं त्या म्हणाल्या. "त्या वेळी आणलं असतं तर कदाचित इथवर आलं नसतं. पण मलेरिया नाही म्हणून सगळे निश्चिंत बसले. तिथंच वेळ गेला."

मॅडमना माहीत नव्हतं की तपासणारी समोर बसली आहे. वैशालीनंही सांगितलं नाही. ताराबाईनं हातातली पिशवी वैशालीच्या मांडीवर ठेवली. "पाणी पिऊन येतो," म्हणाली, आमच्याकडच्या बाया म्हणतात तशी. ती परत आली नाही. फोन लावला तर बंद. गावातल्या एकाकडून कळलं, घरी पोचली.

मी शुद्धीवर आलो तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली होती. त्याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. नळी असते तोवर आवाज निघत नाही. छताकडे बघत पडून राहायचं. तेव्हा माझ्या डोक्यात सगळ्यांबद्दल कृतज्ञता होती असं लिहिलं तर खोटं होईल. डोक्यात ताराबाईचं एकच वाक्य फिरत होतं: काही नाई. ती असं का म्हणाली? तिनं मला धरून का ठेवलं नाही? तिनं दमाचं विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं, हे मला आठवत होतं. तरीही राग तिचाच येत होता. आजारी माणसाला राग करायला आपलंच माणूस लागतं.

नळी निघाली. मी घरी आलो. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. नामदेवभाऊ हार घेऊन आले. भोयर सर आले, दारातच उभे राहिले, आणि रडायला लागले. मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी ग्रुप बंद केला होता.

पण ऑक्सिजन सुटेना. नाकात नळी घालून मी खाटेवर, आणि बाजूला कॉन्सन्ट्रेटर. हे यंत्र खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं. विजेवर चालतं, दिवसभर गुरगुरत राहतं. वीज गेली की वैशाली पळत येते आणि सिलेंडर उघडते. मुलगी आता वीज गेली की आधी माझ्याकडे बघते, मग पंख्याकडे.

पुढच्या तपासणीला सीटी स्कॅन केला. मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. फुप्फुसात जाळी विणल्यासारखं दिसत होतं.

"याला फायब्रोसिस म्हणतात," त्या म्हणाल्या. "जखम भरली की वण राहतो ना, तसे हे वण. वणाचं फुप्फुस फुगत नाही. काही रुग्णांमध्ये हे हळूहळू कमी होतं. तुमचं वाढताना दिसतंय."

वैशालीनं विचारलं, "औषध?"

"वाढ थोडी सावकाश करायचं औषध आहे. मागं फिरवायचं नाही."

फुप्फुस बदलण्याबद्दल मी कुठंतरी वाचलं होतं, ते विचारलं. त्या म्हणाल्या, ते मोठ्या शहरात होतं, रांग लांब असते, आणि माझं वजन आणि साखर बघता मला रांगेतही घेणार नाहीत. किती वर्षं, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर खांद्यावर हात ठेवतात तेव्हा समजून घ्यायचं असतं.

मला बरं व्हायचं होतं, मुलीसाठी, वैशालीसाठी. ते आता माझ्या हातात नाही, हे मी मान्य करायला शिकतो आहे. रोज सकाळी शिकतो, दुपारपर्यंत विसरतो.

एक गोष्ट मात्र मला अजून हवी आहे. ताराबाई पुन्हा भेटायला हवी.

मी तिच्याकडे जाऊ शकत नाही. गावाआधी नाला आहे, त्यावर पूल नाही, शेवटचा रस्ता पायी. गावात वीज असते आणि नसते. माझं यंत्र तिथं नेता येत नाही. म्हणजे ती आली नाही तर आमची भेट होणार नाही. आणि ती येत नाही. वैशाली गावातल्या एकाला फोन लावते, तेव्हा कळतं: ताराबाईनं आशाचं काम सोडलं. बॅग, किट, गोळ्या सगळं आरोग्य केंद्रात नेऊन ठेवलं. मोठ्या सिस्टरनं कारण विचारलं तर म्हणाली, "मले ताप पाहता येत नाई." आता गावात कोणाला ताप आला तर लेकरू पाठीशी बांधून आई जंगलातून आरोग्य केंद्रापर्यंत चालत जाते. काही जण जातच नाहीत.

माझ्या आजारात मीच एकटा रुग्ण नाही, हे मला तेव्हा कळलं.

वाचणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. वजन जास्त असेल तर ते उतरवा, पण डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि साखरेची गोळी मनानं बंद करू नका. दर वर्षी फ्लूची लस मिळते, ती आपल्यासारख्यांनी घ्यावी का, हे त्यांनाच विचारा. मी कधी विचारलंच नाही. ताप आला की उपास सोडा. मलेरियाची तपासणी जरूर करा, ती आमच्याकडे जीव वाचवते. पण एक रेघ आली म्हणून घरी बसू नका. चालताना धाप लागते का, हे स्वतःला विचारा, आणि खरं उत्तर द्या.

ज्यांनी मला उचललं, पालथं केलं, पुसलं, त्या सगळ्यांचे उपकार आहेत. वैशालीचे उपकार लिहिता येत नाहीत.

ताराबाईला मी पत्र लिहिलं. मला सलग बोलता येत नाही, आणि ती फोन उचलत नाही. घरात आम्ही गोंडी बोलतो, इकडची मराठीही बोलतो. पण लिहायला दोघांनाही मराठीच येते. एटापल्लीच्या बसच्या कंडक्टरजवळ पाकीट दिलं, तिथून पुढं आरोग्य केंद्राच्या गाडीनं जाईल असं पाहिलं. ते तिला मिळालं, एवढं कळलंय. उत्तर आलेलं नाही. पत्र असं होतं:

बाई,

फोन तू उचलत नाई, अन् उचलला तरी मी किती बोलणार? तीन शब्द झाले का दम संपते. म्हणून कागद घेतला. थांबून थांबून लिहून राह्यलो.

पयले खरं सांगतो. मले तुहा राग आला होता. गळ्यात नळी होती, बोलता येत नव्हतं, तवा पडल्या पडल्या एकच म्हणत होतो, बाईनं काऊन म्हटलं काही नाई? माह्या मनातलं तुले लहानपणापासून समजते, हे बी समजलं असन. म्हणून लपवत नाई. राग आला होता. आता नाई.

किट खोटं नाई बोललं, बाई. त्याले एकच गोष्ट इचारता येते, मलेरिया आहे का? त्यानं खरं सांगतलं. दमाचं तुनं तोंडानं इचारलं होतं. खोटं मी बोललो, अन् मले माहीत बी नव्हतं का खोटं बोलून राह्यलो. त्यात तू काय करशीन?

बॅग परत घे. तुह्या हातानं किती लोक वाचले ते तुले कोणी मोजून नाई सांगतलं, अन् मी एक वाचाचा राह्यलो तं तू सगळं ठेवून आली. गावात लेकरं तापून राह्यली. त्यातले बहुत जण मलेरियाचेच असतीन. माह्यापायी त्यांले सोडू नको. फक्त एक रेघ आली तं घरी बसवू नको. चालवून पाह्य. दम लागला तं गाडी बोलाव. माणूस म्हणन उपासाचा आहे, थकव्याचा आहे, तं ऐकू नको त्याचं.

आता डॉक्टरीणबाईनं काय म्हटलं ते. फुप्फुसाले वण पडले. ते मागं फिरत नाई. वाढून राह्यले. पेनाले काही बोलू नको, बकरं कापू नको. वैशालीले सगळं माहीत आहे, पोरीले नाई.

मले तुह्याकडे येता येत नाई. तूच ये. नाल्याले पाणी नाई तवर येजो. सांगाचं काही नाई, माफी मागाची नाई, तुनं बी नाई अन् मी बी नाई. नुसती बस माह्याजवळ.

मले माहीत आहे, रडू येईन म्हणून तू येत नाई. ये अन् रड. माह्याच्यानं रडणं होत नाई आता, दम पुरत नाई. माह्या वाटचं बी तूच रडून घे.

तुहा
दिलीप